जन्मानं बेटावरचा

"नाही म्हणजे नाही! बाहेरच्या माणसाला या बेटावर घर मिळणार नाही. किती वेळा सांगायचं?"

शिक्केसाहेबांनी अर्जाचा कागद असा काही ढकलला की तो टेबलावरून घसरून थेट जमिनीवर गेला. समोर उभ्या असलेल्या माणसानं वाकून तो उचलला. त्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते, म्हणून त्यानं कागद कडेला दोन बोटांत धरला. हा बेटावरचा इंजिनवाला. नऊ वर्षांपूर्वी आला तो बोटीचं एक इंजिन दुरुस्त करायला, आणि इथलाच झाला. निदान त्याला तरी तसं वाटत होतं.

शिक्केसाहेब म्हणजे बेटाच्या घरमालक मंडळाचे सेक्रेटरी. जन्मभर धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसून त्यांनी तिकिटांवर शिक्के मारले, आणि निवृत्त झाल्यावर मंडळाच्या कागदांवर मारू लागले. तेव्हापासून लोक त्यांना शिक्केसाहेब म्हणतात. तोंडावर आदरानं, पाठीमागे हसून. बेटावरची जमीन सगळी मंडळाची, वरची घरं ज्याची त्याची. त्यामुळे कुणाला घर विकायचं झालं की मंडळाचा 'ना हरकत' दाखला हवाच, आणि दाखल्याची किल्ली शिक्केसाहेबांच्या खिशात.

"साहेब, मावशींचा माझा व्यवहार ठरलाय," इंजिनवाला म्हणाला. "या महिनाअखेर मला भाड्याची खोली सोडायचीय. मालकाला ती पाहुण्यांना द्यायचीय. बेटावर दुसरी खोली नाही. हे घर नाही मिळालं तर बायकोमुलांना घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर जावं लागेल."

"मग जा की! बोट आहे, तिकीट आहे. कुणी बांधून ठेवलंय?"

बाकावर बसलेल्या मावशी ताडकन उठल्या. मावशी म्हणजे शिक्केसाहेबांच्या शेजारीण. मधली भिंत दोन्ही घरांना एकच. गुडघे गेले, जिने चढवेनात, म्हणून पलीकडे मुलाकडे राहायला निघाल्या होत्या.

"अरे शिक्क्या, घर माझं! ते कुणाला द्यायचं हे तू कोण सांगणार? या माणसानं पाच वर्षं माझा पाण्याचा पंप चालता ठेवला. तू शेजारी राहून एकदा तरी विचारलंस का, मावशी, पाणी येतंय का म्हणून?"

"पंप दुरुस्त केला म्हणजे घर द्यायचं? मग उद्या न्हाव्याला गच्ची द्या!"

इंजिनवाल्यानं कागदाची घडी केली आणि तो बाहेर पडला. मावशींनी जाता जाता दार इतक्या जोरात आपटलं की खिडकीच्या काचा थरथरल्या.

आता मंडळी, खरं ते सांगायला हवं. शिक्केसाहेबांचा राग अगदीच खोटा नव्हता. त्यांच्या गल्लीत अकरा घरं, त्यातल्या सात घरांना कुलपं! कुणीतरी लांबून येतं, घर घेतं, सुट्टीत दहा दिवस राहतं, आणि उरलेलं वर्षभर ओट्यावर पाला साचतो. घरांचे भाव असे चढले की इथल्या पोरांनी लग्नं करावीत तर संसार कुठे थाटावा हा प्रश्न. किराणा दुकानदारानं दुपारनंतर दुकान उघडणं बंद केलं, कारण घ्यायला येणार कोण? हे सगळं खरं होतं. पण राग खरा असला म्हणून माणूस बरोबर असतोच असं नाही. आणि शिक्केसाहेबांच्या रागाच्या आड आणखी एक गोष्ट दडली होती.

मावशींचं घर त्यांना स्वतःच्या लेकीसाठी हवं होतं.

लेक शहरात नोकरीला. बायको गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. मधली भिंत फोडावी, एक दार काढावं, लेकीनं इकडून हाक मारावी, नातवानं तिकडून धावत यावं, असं स्वप्न ते गेलं वर्षभर पाहत होते. पण हे तोंडानं सांगतील तर ते शिक्केसाहेब कसले! ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही त्यांची जन्माची खोड. लेकीलाही अजून विचारलं नव्हतं. आधी स्पर्धक बाजूला काढू, मग सांगू, असा त्यांचा हिशोब होता.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात मंडळाची सभा भरली. शिक्केसाहेबांनी चष्मा नाकावर चढवला आणि नवा नियम वाचला: "यापुढे बेटावरील घर फक्त बेटावर जन्मलेल्या व्यक्तीसच विकता येईल. अर्जासोबत जन्मदाखला जोडणे आवश्यक."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, झालं, सगळी कुलपं आता निघाली!

मागच्या बाकावरून एक हात वर आला. सिस्टरांचा. सिस्टर म्हणजे बेटावरच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, जन्ममृत्यूची नोंदवही अजून त्यांच्याच ताब्यात. मंडळाकडे आलेले अर्ज सेक्रेटरींबरोबर तपासायचं कामही त्यांच्याकडेच.

"साहेब, 'बेटावर जन्मलेल्या' असंच लिहायचंय ना? जरा विचार करा. घाई नका करू."

"सिस्टर, जन्मलेला म्हणजे जन्मलेला! यात विचार कसला? तुम्ही सुया टोचत होतात तेव्हा मी सरकारी कागद लिहीत होतो. भाषा मला शिकवू नका."

लोक हसले. सिस्टरांनी हात खाली घेतला.

तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण टाळ्यांची झिंग वाईट. सभागृहाच्या दाराशी शाळेच्या बाई उभ्या होत्या, म्हणजे इंजिनवाल्याची बायको. बेटावरच्या चौदा मुलांना शिकवायच्या. त्यांच्याकडे बघत शिक्केसाहेब म्हणाले, "या उपऱ्यांना जागा दिली की ते डोक्यावर बसतात. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात यांची!"

ज्यांची मुलं बाईंकडे शिकत होती, तेही मूग गिळून बसले. कुणी म्हणून कुणी एक शब्द बोललं नाही. बाईंनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

पुढच्या शनिवारी सकाळी अर्ज तपासायचे होते. टेबलाच्या एका बाजूला शिक्केसाहेब, दुसऱ्या बाजूला सिस्टर, बाकावर मावशी. पहिल्या बोटीनं शेठ उतरले. शेठ बेटावर जन्मले, सहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर बेट सोडलं, लांबच्या शहरात गडगंज कमावलं. गल्लीतल्या सात कुलपांपैकी चार यांची! शिक्केसाहेबांना त्यांची चिंता नव्हती. मावशी शेठला घर देणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. मग उरणार कोण? त्यांचीच लेक.

लेकही त्याच बोटीनं आली. वडिलांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तुझा जन्मदाखला घेऊन ये, एका कागदावर सही हवीय." अर्ज त्यांनी आधीच आपल्या वळणदार अक्षरात भरून ठेवला होता.

सिस्टरांनी पहिला जन्मदाखला उचलला. "शेठ. जन्मस्थान, बेटावरचा दवाखाना. हे बाळंतपण मीच केलेलं. बरोबर आहे." मग दुसरा उचलला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि शांतपणे वाचलं.

"जन्मस्थान, पलीकडच्या किनाऱ्यावरचं सरकारी रुग्णालय."

"हो, मग?" शिक्केसाहेब म्हणाले.

"मग काही नाही. तुमच्या नियमाप्रमाणे ही बाहेरची."

"काय? माझी लेक बाहेरची?" शिक्केसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मागे कोसळली. "अहो, चार दिवसांची होती तेव्हा तिला बोटीतून उतरवली! याच धक्क्यावर चालायला शिकली! याच शाळेत गेली! तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. दाखल्याला माहीत नाही." सिस्टरांनी नोंदवही त्यांच्यासमोर उघडली. "चौतीस वर्षांपूर्वी दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद केली. त्यानंतर या वहीत बेटावरचा एकही जन्म नाही. दिवस भरत आले की बाई बोटीत बसते, पलीकडे जाते, आणि बाळ घेऊन परत येते. तुमची बायकोही गेली होती. तिची पिशवी मी भरून दिली होती."

शिक्केसाहेबांनी वहीची पानं उलटली. एक, दोन, दहा. मृत्यूच्या नोंदी होत्या, जन्माच्या नव्हत्या.

कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, बेटावर 'पलीकडे जाऊन येणं' कुणी मोजतच नाही! भाजी आणायला जातात, दात काढायला जातात, तसंच बाळंतपणाला जातात. बाळ कुठलं म्हणून विचारलं तर आई म्हणते, इथलंच. दाखल्यावर काय लिहिलंय ते कोण बघतो?

"त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांची मुलं, नातवंडं, सगळी बाहेरची ठरवलीत तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "शाळेतली चौदाच्या चौदा पोरं बाहेरची. म्हणून म्हटलं होतं, घाई नका करू."

शेठ मोठमोठ्यानं हसू लागले. "वा, शिक्केसाहेब, वा! दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ! नियम तुमचा, सभा तुमची. आता एकटा मीच उरलो. द्या दाखला."

"तुला देण्यापेक्षा मी ते घर समुद्रात ढकलीन!" मावशी कडाडल्या.

"ढकला की. गुडघे चालतायत का तेवढे?" शेठ म्हणाले. "मी वाट बघेन. तुम्हाला विकायचंच आहे, आणि माझ्याशिवाय घेणारा कुणी नाही."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं की दुःखानं, कुणास ठाऊक. शिक्केसाहेबांनी वही मिटून टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

"आपण शब्द बदलू," ते घाईघाईनं म्हणाले. "'बेटावर जन्मलेल्या' काढू. 'बेटावरच्या आईवडिलांची मुलं' असं घालू. उद्याच सभा बोलावतो."

"घाला," सिस्टर म्हणाल्या. "मग शेठही बसतो, तुमची लेकही बसते. बाहेर राहतो तो फक्त इंजिनवाला. तुम्हाला पहिल्या दिवसापासून एवढंच हवं होतं ना?"

शिक्केसाहेबांनी कोसळलेली खुर्ची उचलली आणि ते खाली बसले.

"मला एकच सांगा," सिस्टर पुढे म्हणाल्या. "मावशींच्या घरात उद्यापासून चूल कोण पेटवणार? शेठ, तुम्ही?"

"चूल?" शेठ पुन्हा हसले. "मी घर पाडून पाहुण्यांसाठी सहा खोल्या काढणार. धंदा आहे, बाई."

"बरं. आणि तू गं, ताई?"

लेक इतका वेळ आपल्या नावाचा तो भरलेला अर्ज वाचत होती. तिनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा, हे सगळं माझ्या नावावर चाललं होतं? मला न विचारता? बाईंना सगळ्यांसमोर नको नको ते बोललात म्हणे, धक्क्यावर उतरल्या उतरल्या मला तिघांनी सांगितलं. ते माझ्यासाठी बोललात?"

"तुझ्यासाठीच गं! तू शेजारी असावीस म्हणून..."

"मी कुठली शेजारी असणार! माझी नोकरी तिकडे, पोराची शाळा तिकडे. वर्षाला दहा दिवस येईन. बाकीचे दिवस काय करू? कुलूप लावू? गल्लीतलं आठवं कुलूप माझं व्हायला हवंय तुम्हाला?"

शिक्केसाहेबांनी टेबलाची कड घट्ट धरली. सात कुलपांवर दात खाणारा माणूस आठवं कुलूप स्वतःच्या हातानं घेऊन निघाला होता, आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता!

सिस्टर आता हळू बोलल्या, पण त्यांचा आवाज मऊ झाला नव्हता. "साहेब, जन्म कुठे झाला हे मी पन्नास वर्षं वहीत लिहिलं. त्या नोंदीवरून माणूस कुठला ते कधी कळलं नाही मला. शेठचा जन्म माझ्या हातावर झाला, आणि त्याच्या चार घरांत आज माणूस नाही. इंजिनवाला जन्मला कुठे देव जाणे, पण रोज सकाळी सहाला तो धक्क्यावर असतो म्हणून बाया वेळेवर पलीकडे पोचतात. घराला आतून कडी लावून झोपतो तो आतला. बाहेरून कुलूप लावून जातो तो बाहेरचा. एवढं साधं आहे. तुम्हाला कुलपांचा राग होता ना? मग कुलपांविरुद्ध नियम करायचा होतात. तुम्ही माणसांविरुद्ध केलात!"

अरेरे! आपण हे काय करून बसलो! शिक्केसाहेबांच्या डोळ्यांसमोर सभागृहाच्या दारातल्या बाईंचा चेहरा उभा राहिला. नऊ वर्षांत त्या बाईनं कधी आवाज चढवला नव्हता. आणि आपण लेकीच्या नावाखाली तिला काय बोललो! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की शेठ काय बडबडत होते ते त्यांच्या कानातच शिरलं नाही.

ते उठले आणि तडक इंजिनवाल्याच्या खोलीवर गेले. दार उघडं होतं. भांडी पोत्यात भरली होती, गाद्या दोरीनं बांधल्या होत्या. इंजिनवाला कामावर होता. बाई एकट्याच पुस्तकांचा गठ्ठा बांधत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, पण 'या' म्हटलं नाही.

"बाई, माझं चुकलं," शिक्केसाहेब उंबरठ्याबाहेरूनच म्हणाले. "नियम मी रद्द करवून घेतो. मावशींचं घर तुम्हालाच मिळेल असं बघतो. सामान सोडा. मला माफ करा."

बाईंनी गाठ घट्ट ओढली. "इथे कोण आहे ऐकायला?"

"म्हणजे?"

"म्हणजे अपमान चारचौघांत केलात, आणि माफी मागायला एकटे आलात. त्या दिवशी माझे विद्यार्थी खिडकीतून ऐकत होते, साहेब. दुसऱ्या दिवशी वर्गात एकानं विचारलं, बाई, उपरा म्हणजे काय? मी काय सांगायचं त्याला? तुम्हाला माफी मागायची असेल तर जिथे बोललात तिथे मागा. नाहीतर परवाची बोट आहेच आमची."

एवढं बोलून त्यांनी दुसरा गठ्ठा बांधायला घेतला.

शिक्केसाहेब परतले. रस्ताभर त्यांच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, तू सेक्रेटरी, वय एवढं, सगळ्या बेटासमोर नाक घासणार? दुसरा काहीच म्हणत नव्हता, नुसता बाईंचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. उपरा म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सभागृह खच्चून भरलं होतं, कारण आपलीच पोरं बाहेरची ठरली ही बातमी एव्हाना घराघरांत पोचली होती आणि लोक शिक्केसाहेबांना फाडून खायला आले होते. आरडाओरडा चालला होता. शिक्केसाहेब उभे राहिले. आज हातात कागद नव्हता.

"ओरडा नंतर करा. आधी माझं ऐका. गेल्या सभेत मी शाळेच्या बाईंना उपऱ्या म्हणालो. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्या म्हणालो. ते खोटं होतं. मावशींचं घर मला माझ्या लेकीसाठी हवं होतं, म्हणून मी तो नियम आणला. बेटाच्या प्रेमानं नाही, स्वार्थानं आणला. बाई, मी तुमची आणि तुमच्या घरच्यांची सगळ्यांसमोर माफी मागतो." मग ते बाकांकडे वळले. "आणि तुम्ही सगळे त्या दिवशी गप्प बसलात. तुमचंही थोडं तुम्ही बघा."

मग त्यांनी नवा नियम मांडला: घर कोणीही घ्यावं, पण घेणाऱ्यानं वर्षातले निदान आठ महिने त्या घरात राहायला हवं. शेठ उठून ओरडले, कोर्टात खेचीन म्हणाले, त्यांच्या बाजूनं पाच-सहा हात वरही झाले. पण मावशींनी दोन्ही हात वर केले. एकीला दोन मतं नाहीत म्हणून कुणीतरी सांगितलं, तर म्हणाल्या, "एक माझं, एक माझ्या घराचं!" नियम मंजूर झाला.

मागच्या भिंतीशी इंजिनवाला आणि बाई उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई पुढे आल्या, टेबलावरचा कोरा अर्ज उचलला, आणि शिक्केसाहेबांना म्हणाल्या, "ऐकलं मी."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. शिक्केसाहेबांनीही विचारलं नाही. ते हळूहळू मिळवायचं असतं, मागून मिळत नाही, एवढं त्यांना आता कळलं होतं.

तर मंडळी, जन्म कुठे घ्यावा हे कुणाच्याच हातात नसतं. पण कुठे राबावं, कुणाच्या अडीनडीला धावावं, कोणत्या गावाला आपलं म्हणावं, हे हातात असतं, आणि माणूस त्यावरूनच कुठला ते ठरतं. घर हे राहण्यासाठी असतं, अडवून ठेवण्यासाठी नाही. तेव्हा कुणाला बाहेरचा म्हणण्याआधी दहादा विचार करा. आणि रागाच्या भरात म्हणून गेलाच असाल, तर जिथे म्हणालात तिथेच, त्याच लोकांसमोर, ते परत घ्या!